काठ्या उचललेले पाच जण

मुलगी गेल्यानंतर जवळजवळ वर्षभर आमच्या घरात एकही भांडण झालं नाही. शेजारी याचं कौतुक करत. बाजारामागच्या आमच्या दोन खोल्यांच्या भिंती अशा होत्या की पलीकडच्या बिऱ्हाडातली फोडणीसुद्धा ऐकू यावी. त्यामुळे मास्तरांकडे आवाज चढत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाजी कोणती आणू, असं मी विचारलं की बायको म्हणे, तुम्हाला आवडेल ती. खिडकी लावू का, असं तिने विचारलं की मी म्हणे, तुला बरं वाटेल तसं. मुलगी चार वर्षांची होती. श्रावणात तापाने गेली. बायकोला त्रास होऊ नये म्हणून मी मुलीचा विषय काढत नसे. बायको का काढत नाही, हे मी विचारलं नव्हतं.

अशा घरात तो पत्ता आला.

मी लोणावळ्याच्या शाळेत शिकवत होतो. घाटात वाफेची इंजिनं जाऊन विजेची येण्याचे ते दिवस. रेल्वेतला एक गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला होता आणि त्याच्या बंगल्यातलं सामान अंगणात मांडून विकायला काढलं होतं. कपाटं-खुर्च्या व्यापाऱ्यांनी उचलल्या. पुस्तकांकडे कोणी फिरकेना, तेव्हा तिथल्या माळ्याने मला निरोप धाडला. मी पक्ष्यांवरचं एक जाड पुस्तक घेतलं. घरी येऊन चाळू लागलो तर सुतारपक्ष्याच्या पानाशी खूण म्हणून खेळायच्या पत्त्यांसारखा एक पत्ता घातलेला.

नेहमीच्या पत्त्यापेक्षा तो लांब होता. वर रोमन लिपीतला पाचाचा आकडा, बाकी अक्षर नाही. चित्रात पाच तरुण, अंगात रंगीबेरंगी आखूड डगले. प्रत्येकाच्या हातात पुरुषभर उंचीची काठी, आणि त्या काठ्यांना मधूनमधून कोवळी पानं फुटलेली. काठ्या उचललेल्या, एकमेकींत अडकलेल्या. पायाखाली उंचसखल माळ, वर मोकळं आभाळ.

स्टेशनातल्या माल खात्याचा कारकून मेंढीकोट खेळण्यात पटाईत म्हणून मी त्याला पत्ता दाखवला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि ही किलवरची पंजी असावी, असा निकाल दिला. पण पंजीवर माणसं कशाला काढली, हे त्यालाही सांगता येईना. राजा-राणीला चित्र ठीक आहे, त्याच्या मते पंजीची तेवढी लायकी नव्हती.

उत्तर मिळालं ते एका पारशी बाईंकडे. पावसाळा सरला की त्या मुंबईहून हवा खायला येत. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून आलेली पत्रं वाचून दाखवायला मी आठवड्यातून एकदा जाई. त्यांनी पत्ता डोळ्यांशी नेला आणि लगेच ओळखला. मुंबईत एक मड्डम असले पत्ते मांडून लोकांचं भविष्य सांगायची.

“मास्तर, ये तर कजियाचा पत्ता हाय,” त्या म्हणाल्या. “घरात नको ठेवू.”

मी म्हटलं, पण यात कोणाला लागलेलं दिसत नाही. त्यावर त्या म्हणाल्या की मड्डमचंही याबाबतीत एक मत नसे. कधी ती खरी मारामारी सांगे, कधी लुटूपुटूची. पत्ता उलटा पडला तर आणखी काही तिसरंच. एकाच चित्राचे इतके अर्थ निघतात तर त्याला अर्थ आहे असं कशावरून म्हणायचं, हा प्रश्न घेऊन मी घरी आलो.

बायकोला सगळं सांगितलं. सांगण्यासारखं काही मिळालं याचाच मला आनंद झाला होता. तिने पत्ता दिव्याजवळ धरला.

“भांडण कुठे आहे यात?” ती म्हणाली. “एकजण तरी दुसऱ्याच्या डोळ्यांत बघतोय का?”

मी म्हटलं, काठ्या तर उगारल्या आहेत.

“उगारल्या नाहीत, उचलल्या आहेत. काहीतरी वर चढवताहेत ते. वरचं चित्रकाराने कापलंय.”

वरचं कापलंय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण मला ते पटलंही नाही. काही वर चढवायचं तर पाचही काठ्या एका दिशेला हव्यात, असं माझं म्हणणं. जड वस्तू असली की प्रत्येकजण आपल्या बाजूने रेटतो, असं तिचं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मला नवा मुद्दा सुचला, तो मी चपला काढायच्या आधी सांगितला. तिच्याकडेही एक तयार होता. एकदा तर मी छत्री घेतली, तिने जळमटं काढायचा बांबू घेतला, आणि चित्रातल्या पुढच्या दोघांसारखे आम्ही खोलीत उभे राहून पाहिलं. छत्री फळीला लागून डबा खाली आला. पलीकडच्या बिऱ्हाडातून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं. आम्ही दोघांनी एकदमच काही नाही म्हणून सांगितलं.

हे असं अधूनमधून काही महिने चाललं. पत्ता बाजूला ठेवला की पुन्हा तुम्ही म्हणाल तसं आणि तुला बरं वाटेल तसं.

वैशाखात जुन्नरहून तिच्या थोरल्या भावाचं कार्ड आलं. रविवारी दुपारच्या गाडीने येतो, बहिणीला चार दिवस विश्रांतीला नेतो. मी म्हटलं, जा, बरं वाटेल. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. शनिवारी संध्याकाळी ती ट्रंक भरत होती तेव्हा मी वाचत बसलो होतो. तिने लुगडी घातली, मग गरम शाल घातली, मग थंडीतली रजई. वैशाखात चार दिवसांसाठी कोणी रजई नेत नाही. मी पान उलटलं. रजई कशाला, एवढं विचारायचं होतं. विचारलं तर ती खरं सांगेल, म्हणून विचारलं नाही.

रविवारी सकाळी समोरच्या बंगल्यावर ताट्या चढवायचं काम निघालं. आमच्याकडे पावसाळ्यात झोडपणाऱ्या बाजूच्या भिंती उघड्या ठेवून चालत नाही. त्यांच्यावर वळचणीपासून जोत्यापर्यंत गवताच्या ताट्या बांधाव्या लागतात. औंढ्याहून पाच गडी आले होते, आणि त्यांना हाकणारे एक म्हातारे आबा. भलीमोठी ताटी भिंतीला टेकवून पाचही जण लांब बांबूंनी ती वर रेटत होते. पाची बांबू पाच दिशांना.

“अहो,” बायकोने मला खिडकीशी बोलावलं. “या, बघा.”

मी गेलो. तिने पत्त्याचं नावही काढलं नाही.

तिकडे कालवा चालला होता. एकजण दुसऱ्याला म्हणाला, “आरं वर धर, सकाळी भाकर खाल्ली न्हाई का?”

“खाल्ली. पर वाढाया तुजी बायको व्हती, चतकोरच आली.”

“तिला मानूस बघून वाढायची सवं हाय.”

सगळे हसले, ताटी हातभर वर गेली. तेवढ्यात वारं आलं. ताटी कलली. डावीकडच्याने उजवीकडच्याला गाढव म्हटलं, तू ढिला सोडलास म्हणाला. उजवीकडच्याने, म्या न्हाई, तूच आडवा रेटतूस, असं सुनावलं. मग तो खरंच चिडला. बांबू टाकून कुंपणापाशी जाऊन पाठमोरा बसला. राहिलेल्या चौघांच्या हातून ताटी घसरत घसरत खाली फुलझाडांवर आली. मग कोणी बोलेना.

आबा चौघांकडे पाहत राहिले. “आता का गप झालासा? बोला की. वरडता तवर कळतं कोन कुटं रेटतोय.”

“मला गाढाव म्हनला त्यो,” कुंपणापाशी बसलेला म्हणाला.

“ते तर हाईसच. ऊठ, धर.”

तो उठला. धरता धरता त्याने डावीकडच्याला काहीतरी सुनावलं, ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण डावीकडच्याचे कान लाल झाले. ताटी पुन्हा वर निघाली.

मला वाटलं, वाद आपण जिंकला. मी म्हटलं, “शेवटी भांडलेच ना? म्हणजे माझंच खरं.”

बायको खिडकीबाहेरच पाहत होती. “त्याने बांबू टाकला तेव्हा ताटी पडली,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “भांडण म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे? वर्ष होत आलं, तुम्ही माझ्याशी भांडला नाहीत. तिचं नाव घेतलं नाहीत. मला वाटलं, विसरलात.”

“तुला त्रास होईल म्हणून—”

“मला त्रास होतो की नाही, ते मला विचारायचं.”

त्या क्षणी मला राग आला. इतक्या दिवसांनी राग आला की तो कुठून आला तेही कळत नाही. मी म्हटलं, “आणि तू? वैशाखात रजई भरलीस, ती सांगायची नव्हती मला?”

माझा आवाज चढला होता. पलीकडच्या बिऱ्हाडात भांडी घासण्याचा आवाज थांबला. ती म्हणाली, तुम्ही पाहिली होती तर विचारलं का नाही. मी म्हटलं, तू सांगितलं का नाही. तिने मुलीचं झबलं कुठे ठेवलं ते विचारलं. मी सांगितलं की माझ्या पुस्तकांमागे आहे. मग तर ती फारच भडकली, कारण वर्षभर ती ते शोधत होती आणि मी ते कोणाला तरी देऊन टाकलं असं समजत होती. तिच्या नजरेला पडू नये म्हणून मी ते तिथे ठेवलं होतं, आणि अधूनमधून काढून पाहत होतो. हे सांगितल्यावर ती रडू लागली, पण बोलायची थांबली नाही. रडता रडता तिने पत्ता उचलला आणि मागच्या तरुणावर बोट ठेवलं. म्हणाली, मुलगी गल्लीतल्या शेळ्यांमागे काडी घेऊन जायची तेव्हा अशीच धरायची, डाव्या हातात.

मी म्हटलं, डाव्या नाही, उजव्या.

हे मी सहज म्हटलं. खरंच मला उजवा हात आठवत होता, अजूनही आठवतो. ती म्हणाली, घास डाव्या हाताने घ्यायची म्हणून मी तिला किती वेळा टोकलं, तुम्ही शाळेत असायचात, तुम्हाला काय माहीत. मी म्हटलं, पाटीवर रेघा ओढताना माझ्या मांडीवर बसलेली असायची. यावर आम्ही किती वेळ भांडलो, सांगता येत नाही. तिचं नाव त्यात अनेकदा आलं.

मेहुणा दुपारी आला होता म्हणे, पण आवाज ऐकून बराच वेळ रस्त्यावरच उभा होता. शेवटी आत आला, माझ्याकडे न पाहता बहिणीला म्हणाला, “चल. सामान कुठे आहे?”

“थांब जरा, दादा,” ती म्हणाली. “आमचं अजून व्हायचंय.”

तो बिचारा खाली बसला. त्याला पाणी मिळालं, आणि पाण्यामागून प्रश्न. सांग, पोरगी काडी कोणत्या हातात धरायची? त्याने तिला बारशाला पाहिलं होतं आणि नंतर एका दिवाळीत. आपल्याला आठवत नाही म्हणाला असता तर सुटला असता. पण त्याने मधला मार्ग काढला, दोन्ही हातांनी धरायची म्हणाला. तेव्हा आम्ही दोघं मिळून त्याच्यावर उलटलो.

जेवताना ती त्याला म्हणाली की मी दिवाळीत येईन. तो माझ्याकडे पाहू लागला. मी पिठलं वाढून घेतलं.

ते चित्र काढणाऱ्याच्या मनात काय होतं, ते मला आजही ठाऊक नाही. नंतर पुण्याच्या एका वाचनालयात मी मुद्दाम शोधलं, पण हाती काही लागलं नाही. कजिया म्हणणारे कजिया म्हणतात. माझी बायको अजूनही काहीतरी वर चढवताहेत म्हणते, आणि मी आता आधीसारखा लगेच नाही म्हणत नाही. पाचांपैकी चौघंच असते तर चित्र कसं दिसलं असतं, याचा मात्र मी पुष्कळ विचार केला आहे.

त्याच संध्याकाळी मेहुण्याला पोचवायला स्टेशनवर गेलो. डब्यात चढता चढता त्याने हळूच विचारलं, तुमच्यात सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, अजून कळलेलं नाही, पण बोलणं चाललंय. त्याला ते उत्तर पसंत पडलेलं दिसलं नाही.

मी परत आलो तेव्हा दार उघडंच होतं. झबलं मांडीवर घेऊन ती उंबऱ्याशी बसली होती, आणि मी चपला काढायच्या आत म्हणाली की डाव्या हाताचा तिला आणखी एक पुरावा आठवला आहे.