दिलेल्या पत्त्यावर राहत नाही

२००८ सालच्या नोव्हेंबरमध्ये जयपूरच्या एका पोलीस ठाण्यात अशी नोंद झाली की, मृणाल वसंत हुपरीकर नावाची मुलगी आदर्श नगरमधल्या दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. चार जणांनी तसे सांगितले होते. मृणाल त्या पत्त्यावर सहा वर्षे राहत होती. चौघांपैकी एक मी होतो.

मृणालची नौदलात अधिकारी म्हणून निवड झाली होती. मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणी झाली, राहिली होती ती पोलिसांची पडताळणी. साध्या वेशातला माणूस येतो, शेजारीपाजारी चार प्रश्न विचारतो आणि अहवाल पाठवतो. अहवाल अनुकूल असल्याशिवाय रुजू होण्याचे पत्र निघत नाही. जानेवारीची तुकडी हुकली असती, तर पुढच्या तुकडीसाठी तिचे वय उलटून जात होते.

आम्ही तसे का सांगितले, हे कळायला तिच्या वडिलांची ओळख हवी.

वसंतराव हुपरीकर मूळचे कोल्हापूरकडचे. सी-स्कीममधल्या एका विमा कंपनीच्या कार्यालयात ते दावे तपासायचे. मी एका वृत्तसंस्थेचा प्रतिनिधी म्हणून जयपूरला आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. पहिल्या दिवशी जिन्यात गाठ पडली. मी नाव आणि काम सांगितले. त्यांनी विचारले, “कशावरनं?” मला थट्टा वाटली. पण त्यांचा हात पुढे आलेला होता. मी ओळखपत्र दिले. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचले, परत केले आणि म्हणाले, “या. चहा घेऊ.”

“कशावरनं?” हा त्यांचा दिवसभराचा प्रश्न होता. दूधवाल्याने म्हैस आटल्याचे सांगितले तरी तो विचारला जायचा, आणि शैलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आज चतुर्थी आहे म्हटले तरी. त्यात राग नसायचा. उत्तर मिळेपर्यंत ते शांत थांबायचे, एवढेच.

त्यांचे काम मी एकदा पाहिले. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात रजयांचा एक कारखाना जळाला होता आणि मी बातमीसाठी गेलो होतो. मालक दोनशे गाठी कापूस गेला म्हणून सांगत होता. हुपरीकर राखेत उकिडवे बसून काठीने काहीतरी उकरत होते. गाठी ज्या लोखंडी पट्ट्यांनी आवळतात, त्या पट्ट्या ते शोधत होते. “कापूस जळतोय हो,” ते मला म्हणाले, “पट्टी कुठं जळतीय?” पट्ट्या निघाल्या त्या जेमतेम तीस गाठींच्या. मालकाने मागवलेले सरबत त्यांनी घेतले नाही.

अशा माणसाच्या मुलीने कॉलेजच्या पहिल्या वर्षी नौदलाच्या छात्र पथकात नाव घातले. “जयपुरात नौदल,” हुपरीकर म्हणाले. “आणि पाणी कुठाय?” दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते कवायतीच्या मैदानावर गेले आणि प्रशिक्षकाकडे नेमणुकीचे पत्र मागितले. प्रशिक्षक नौदलातला, हरियाणाचा उंच माणूस होता. त्याने पत्र आणून दाखवले आणि विचारले, आपण तपासणीला आलात काय? हुपरीकर म्हणाले, “जी. हमेशा आऊँगा.”

ते खरेच येत राहिले. शिबिराला जाणाऱ्या बसचा क्रमांक, चालकाचे नाव, तळ्यात होडी वल्हवायला नेतात तिथे पाणी किती खोल, हे सगळे त्यांच्या वहीत असायचे. बदली टळावी म्हणून त्यांनी एक बढती नाकारली. हे मला त्यांच्या कार्यालयात कळले, घरात कळले नाही. संध्याकाळी मृणाल गच्चीवर दोन झेंडे घेऊन खुणांनी एकेक अक्षर दाखवायची आणि हुपरीकर गल्लीच्या टोकाला उभे राहून ते वहीत उतरवायचे. शब्द आधी सांगायचा नाही, अशी त्यांची अट होती. “आधी सांगितलं तर मला तेच दिसणार,” ते म्हणायचे. सकाळी मृणाल धावायला जायची, तेव्हा मागून स्कूटीवर शैलाताई असायच्या. “यांचा विश्वास बसेपर्यंत पोरगी म्हातारी व्हायची,” त्या म्हणायच्या. “म्हणून मी आधीच निघते.”

मुलाखतीची तयारी जेवणाच्या टेबलावर झाली. मी एका संध्याकाळी तिथे होतो.

“नौदलातच कशाला जायचंय तुला?”

“पप्पा, मला समुद्र आवडतो, मतलब लहानपणापासून.”

“किती वेळा बघितलास?”

“दोनदा. गणपतीपुळ्याला.”

“दोनदा बघून आवडला. कशावरनं?”

मृणाल पानावरून उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच विषय काढला. म्हणाली, “नीट बघितला नाही म्हणूनच जायचंय. तुमच्यासारखं सगळं तपासून मग नाही जायचं मला.” हुपरीकरांनी हे उत्तर वहीत लिहून घेतले. निवड मंडळापुढे पाच दिवस काढून ती परतली, तेव्हा तिने सांगितले की तिथले प्रश्न सोपे होते.

त्याच वर्षी मे महिन्यात शहरात बॉम्बस्फोट झाले होते. त्यानंतरच्या आठवड्यात हुपरीकरांनी गल्लीतल्या लोकांना समोरच्या लालवानी आंटींच्या व्हरांड्यात जमवले. इस्त्रीवाल्यापाशी अर्धा तास उभे राहिले की कोण कधी घरी असतो, कोणाची मुलगी कुठे शिकते, सगळे कळते, असे त्यांनी सांगितले. आपल्याला कळते तर दुसऱ्यालाही कळत असणार. तेव्हा अनोळखी माणसाने कोणाचीही चौकशी केली तर आधी ओळखपत्र मागायचे, आणि त्याने ते दाखवले नाही तर ‘नहीं जानते’ म्हणायचे. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला रामफूल हे सगळ्यांत आधी शिकला. महिनाभरात तो पत्ता विचारणाऱ्या कुरिअरवाल्यालाही ‘नहीं जानते’ म्हणू लागला.

नोव्हेंबरात एक माणूस मोटारसायकलवरून आला. अंगात करडा स्वेटर, हातात डायरी. मृणाल हुपरीकर कशी मुलगी आहे, कोणाबरोबर येते-जाते, असे त्याने मला विचारले. मी ओळखपत्र मागितले. ते आत्ता जवळ नाही, असे तो म्हणाला. मी सांगितले की या नावाचे कोणी मला माहीत नाही. संध्याकाळी मी हे हुपरीकरांना सांगितले. ते म्हणाले, “झकास केलंत. असंच पाहिजे. गाडीचा नंबर घेतला?” मी घेतला नव्हता.

डिसेंबरात मृणालच्या पथकातल्या दुसऱ्या मुलीला रुजू होण्याचे पत्र आले. मृणालला आले नाही. आठ दिवस वाट पाहून हुपरीकरांनी निष्कर्ष काढला. लालवानी आंटींचा भाचा त्याच पथकात होता आणि त्याची निवड झाली नव्हती. “निनावी अर्ज गेलाय,” ते म्हणाले. “त्या घरातनंच.”

“कशावरनं?” शैलाताईंनी विचारले.

दर रविवारी लालवानी आंटी मृणालसाठी कोकी, म्हणजे कांदा घातलेली सिंधी जाड पोळी, पाठवायच्या. त्या रविवारी डबा भरलेलाच परत गेला.

मंगळवारी ते मला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. पत्रकार बरोबर असला की कागद लवकर निघतो, असा त्यांचा हिशेब होता. तो बरोबर ठरला. मुन्शीने फाइल काढली आणि अहवाल वाचून दाखवला. नुक्कडवर इस्त्री करणारा: नहीं जानता. समोरच्या घरातली महिला: नहीं जानती. वरचा भाडेकरू, पत्रकार: नहीं जानता. हुपरीकर माझ्याकडे न पाहता ऐकत होते. मुन्शीने पान उलटले. “मकान के बाहर गमलों को पानी दे रहे एक बुज़ुर्ग। नाम नहीं बताया। कहा, ऐसी कोई लड़की यहाँ नहीं रहती।”

हुपरीकर तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते.

“बुज़ुर्ग?” ते मराठीत म्हणाले. “कशावरनं?”

मुन्शीने विचारले, या गृहस्थांना आपण ओळखता का? हुपरीकरांनी कागद मागून घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाले, “जी. मैं ही हूँ.”

मुन्शी हसला नाही. फेरपडताळणी होऊ शकते, पण घरच्यांचा शब्द चालत नाही. दोन शेजाऱ्यांनी लेखी द्यावे लागेल, तेही शुक्रवारच्या आत, असे त्याने सांगितले. एक शेजारी मी होतो. रामफूलला सही येत नव्हती. गल्लीतली उरलेली दोन घरे लग्नासाठी गावाला गेली होती.

ठाण्यातून परतल्यावर हुपरीकर थेट समोरच्या फाटकाशी गेले. मी दोन पावले मागे होतो. लालवानी आंटी दारात आल्या, त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, “कौन मृणाल? हम तो किसी मृणाल को नहीं जानते, भाईसाहब।”

“भाभीजी, गलती मेरी है।”

“पहले कार्ड दिखाइए।”

हुपरीकरांनी खिशातून कार्यालयाचे ओळखपत्र काढून दिले. आंटींनी ते दोन्ही बाजूंनी वाचले, निदान तेवढा वेळ धरून ठेवले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नव्हता. मग त्यांनी विचारले, त्या रविवारी मुलीने काय खाल्ले? हुपरीकरांना ते माहीत नव्हते. आंटी आत गेल्या, चष्मा लावून आल्या आणि फाटकाच्या खांबावर कागद ठेवून त्यांनी सही केली. भाच्याचा विषय त्यांनी काढला नाही. हुपरीकरांनीही नाही.

गुरुवारी करड्या स्वेटरवाला पुन्हा आला. या वेळी ओळखपत्र त्याने आधीच हातात धरले होते. हुपरीकरांनी तरी ते वाचले. मग त्यांनी मृणालला बाहेर बोलावले आणि म्हणाले, “ये मेरी बेटी है। यहीं रहती है।” त्या माणसाने मृणालकडे पाहिले, हुपरीकरांकडे पाहिले आणि डायरीत काहीतरी लिहिले. काय लिहिले, ते त्याने दाखवले नाही.

पत्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आले. प्रशिक्षण केरळात होते. स्टेशनवर हुपरीकर, शैलाताई, लालवानी आंटी आणि मी होतो. आंटींनी कोकीचे दोन डबे दिले. शैलाताई गाडीत शिरून सामान लावत होत्या. फलाटावरच्या नळाशी मफलर गुंडाळलेला एक माणूस बाटली भरत होता. त्याने सहज हुपरीकरांना विचारले, बच्ची कहाँ जा रही है?

हुपरीकरांनी त्याला मृणालचे पूर्ण नाव, कॉलेज, वय, गाडीचा डबा, प्रशिक्षण किती महिन्यांचे आणि घरचा पत्ता सांगितला. ती तिथे सहा वर्षे राहते, हेही सांगितले. त्यांनी ओळखपत्र मागितले नाही.

तो माणूस कोण होता, हे मला कळले नाही. गाडी वीस मिनिटे उशिरा सुटली.