शुक्रवारचे एकशे अडुसष्ट किलो

अंबडला आमची छोटी कंपनी आहे. वजनकाट्यावर बाहेर उंच टांगलेले, लाल आकड्यांचे जे डिजिटल बोर्ड दिसतात, ते आम्ही बनवतो. बोर्डाच्या आतला प्रोग्राम सी भाषेत लिहिलेला असतो आणि तो लिहायचा मान आमच्या सिनियर सरांकडे. माझ्याकडे तो वाचायचा मान. वाचून काही सांगायचा नाही, हे मला रुजू झाल्यावर लवकरच समजलं.

लासलगावच्या वाटेवर एक खासगी वजनकाटा आहे. त्याच्या मालकांना असा बोर्ड हवा होता की जो मराठीत बोलेल. म्हणजे वर वार, तारीख, महिना मराठीत. त्याखाली गाडीचं रिकामं वजन. आणि त्याखाली मालाचं वजन. मालाचं वजन म्हणजे भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा. एवढंच गणित. आमच्या मालकांनी लगेच होकार दिला. नाही म्हणणं त्यांना जमतच नाही, ते काम आमच्याकडे असतं.

सरांनी तारखेसाठी चाळीस बाइटचा बफर ठेवला. बफर म्हणजे मेमरीत आखून दिलेली जागा, बाइट हे तिचं माप. सी भाषा ती आखून देते, पण तिच्यावर पहारा देत नाही. जागेपेक्षा लांब मजकूर आला, तर तो शेजारच्या जागेत जाऊन बसतो आणि तिथं आधी जे होतं ते पुसून टाकतो. कुणी हरकत घेत नाही. सरांनी तारीख भरायला स्प्रिंटएफ नावाचं सीमधलं फंक्शन वापरलं होतं, ते तर जागा किती आहे हे विचारतसुद्धा नाही.

"सर, इथं एसएनप्रिंटएफ वापरू या का?" मी विचारलं. "त्याला जागा किती ते सांगावं लागतं. जास्तीचं ते लिहीत नाही."

"अगं, तारखेत वीसेक अक्षरं. मी चाळीसची जागा दिलीय. दुप्पट."

"पण मराठीत एकेका अक्षराला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार, सगळ्यांना वेगवेगळे तीन."

सर हसले. पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस हसतो तसं. मग त्यांनी माझ्यासमोर बोर्डावर सातही वार लावून दाखवले. मे महिना चालू होता. सगळे वार बसले. "बसलं ना?" ते म्हणाले. "ते सुरक्षित वगैरे ज्यांचा स्वतःवर विश्वास नसतो त्यांच्यासाठी." माझा स्वतःवर विश्वास नव्हता, हे त्या दिवशी सगळ्या ऑफिसला कळलं.

बोर्ड लागला. नारळ फुटला. मे गुण्यागोविंदानं गेला.

जूनच्या मध्यावर एका संध्याकाळी काट्याच्या मालकांचा फोन आला. बोर्ड चुकीचं वजन दाखवतोय. सर दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, बोर्ड बरोबर चालत होता. ते व्होल्टेजला दोष देऊन परतले. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, पुन्हा सर, पुन्हा सगळं ठीक. या खेपेला दोष अर्थिंगचा निघाला. नवी वायर टाकली. काट्याच्या मालकांनी आपल्या बाजूनं बोर्डाला लिंबू-मिरची बांधली. दोन्ही उपायांमागचा अभ्यास साधारण सारखाच होता.

दोन्ही फोन शुक्रवारी आले होते, हे मी सरांच्या कानावर घातलं.

"मशीनला वार कळत नाहीत," सर म्हणाले.

त्या मशीनला आम्हीच वार शिकवला होता, पण ते असो. पुढच्या शुक्रवारी मी आमच्या मालकांना म्हटलं की आज मी जाते, बिघाडाच्या दिवशीच. त्यांना हे नवीन होतं. त्यांनी गाडी दिली.

काट्यावर पोहोचले तेव्हा कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. काट्याचे मालक केबिनमधून बाहेर आले. "मॅडम, आज शुक्रवार हाय. बोर्ड परत येडा झालाय."

मी वर बघितलं. शुक्रवार, तारीख, जून, सगळं नीट मराठीत. त्याखाली रिकाम्या गाडीचं वजन, एकशे अडुसष्ट किलो. समोर काट्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली होती. ती उतरली आणि मागून दहा चाकांचा ट्रक चढला. तोही एकशे अडुसष्ट किलो. एवढ्या वजनाचा ट्रक मी पहिल्यांदाच बघत होते. ढकलून बाजूला करता आला असता.

गाडीचं वजन असं आटल्यावर उरलेलं सगळं वजन कांद्याच्या नावावर चढत होतं. व्यापाऱ्यांची दोन माणसं हातवारे करत भांडत होती. शेतकरी शांत होते. फेटा बांधलेले एक आजोबा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, काट्यात काई बिघाड नाय. लय दिसांनी आमच्या बाजूनं बोलतोय. राहू द्या तसाच."

"आजोबा, आतल्या काट्यावर खरं वजन येतंय. पावती त्याचीच होणार."

"मंग हा वर कशाला टांगलाय?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न ऑर्डर घेताना आमच्या मालकांनी विचारायला हवा होता.

मी केबिनमध्ये बसून बोर्डाची तारीख एक दिवस मागे, गुरुवारवर नेली. ट्रकचं रिकामं वजन लगेच हजारांत गेलं. पुन्हा शुक्रवार, पुन्हा एकशे अडुसष्ट. मग महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला शुक्रवार लावला. बरोबर वजन.

काट्याचे मालक माझ्या खांद्यावरून बघत होते. "म्हणजे मुहूर्ताचा प्रश्न हाय?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं आणि एका पावतीच्या कोऱ्या बाजूवर मोजायला बसले. शुक्रवार या शब्दात श, उकार, क, पाय मोडल्याची खूण, र, व, काना, र. आठ खुणा, चोवीस बाइट. दोन आकड्यांचे सहा, जूनचे नऊ, दोन मोकळ्या जागा, आणि मजकूर संपला हे सांगणारं शेवटचं शून्य. बेचाळीस. जागा चाळीस. तारीख एकआकडी असली की तीन बाइट वाचत होते, म्हणून पहिला शुक्रवार सुटला होता. आणि दोन बाइट उतू जाऊन शेजारी जिथं पडत होते, तिथं रिकाम्या गाडीचं वजन ठेवलेलं होतं. त्यातला एक 'न'चा शेवटचा तुकडा, दुसरा ते शून्य; दोन्ही मिळून आकडा म्हणून वाचले की एकशे अडुसष्ट होतात. तेवढं पडताळून झाल्यावर मला, खरं सांगते, इतका आनंद झाला की मी काट्याच्या मालकांना तो कागद दाखवला. त्यांनी आदरानं बघितला आणि चहा मागवला.

बोर्डावरची तारीख तात्पुरती आकड्यांत करून मी परत आले. सरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "ठीक आहे. बेचाळीस करून टाक."

"सर, पुढं जुलै आहे. त्यात मंगळवार आणि गुरुवारही बिघडतील. ऑगस्टात एकही वार सुटायचा नाही."

"मग सर्वांत लांब महिना धर. सप्टेंबर."

"फेब्रुवारी, सर. दहा खुणा."

सरांनी बोटांवर मोजलं. सर्वांत कमी दिवसांचा महिना सर्वांत जास्त जागा खातो, हे त्यांना वैयक्तिक अपमानासारखं लागलं असावं. त्यांनी खुर्ची सरकवून मला कीबोर्ड दिला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मी जागा ऐसपैस केली. स्प्रिंटएफ काढून एसएनप्रिंटएफ घातलं आणि जागेचा आकडा हातानं न लिहिता बफरवरूनच काढून दिला, म्हणजे उद्या कुणी जागा बदलली तरी दोन आकडे एकमेकांशी खोटं बोलणार नाहीत. सर मागे उभे होते.

"झालं की मग," ते म्हणाले.

"अजून एक. मजकूर मोठा झाला तर हे जास्तीचं कापतं. मराठी अक्षर मधोमध कापलं जाईल आणि बोर्डावर चौकोन दिसतील. पण किती जागा लागली असती, तो आकडा ते परत देतं. तो बघायचा. जागेइतका किंवा जास्त आला, तर मराठी सोडून साधी आकड्यांतली तारीख दाखवायची."

"तो आकडा परत देतं?" सरांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. मी हो म्हटलं. ते शेजारी स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "परत एकदा सांग."

आमच्या मालकांनी ग्राहकाला कळवलं की हवामानामुळे अडचण आली होती आणि ती आता दूर केली आहे.

पावसाळा गेला, सप्टेंबरचे शुक्रवारही सुखरूप पार पडले. तोवर सरांनी, मला न विचारता, बोर्डावर तारखेच्या आधी आपला मजकूर टाकायची सोय काट्याच्या मालकांना मोबाइलवर देऊन ठेवली होती. दिवाळीत काट्याच्या मालकांचा फोन आला. मी घरी इंदिरानगरला करंज्या तळत होते.

"मॅडम, बोर्डात घोळ झालाय."

मी गॅस बारीक केला. "वजन चुकतंय?"

"वजन बरोबर हाय. पन मी 'सर्व शेतकरी व व्यापारी बांधवांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' टाकलं, तर नुसती आकड्यांची तारीख दिसून राहिली. शुभेच्छा गायब."

"मजकूर लांब झाला असेल. थोडक्यात टाका."

"कुणाला वगळू, शेतकऱ्यांना का व्यापाऱ्यांना?"

मी म्हटलं, 'हार्दिक' वगळून बघा. तेवढ्यानं बसेना. मग त्यांनी बरीच काटछाट करून 'शुभ दीपावली' टाकलं आणि फोन चालू ठेवूनच बाहेर जाऊन बघून आले. दिसतंय म्हणाले. फोन ठेवल्यावर मी सरांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की त्यांना आधीपासूनच असं काहीतरी होईल अशी शंका होती, म्हणून त्यांनीच ती आकड्यांच्या तारखेची व्यवस्था करून ठेवली होती. मी पुढची करंजी तेलात सोडली.