लुगड्यातली मंत्रीण आणि चुलीपुढचा मिशाळ

"उतरव तो फळा! आत्ताच्या आत्ता उतरव, न्हायतर कुऱ्हाड आणतो!"

शुक्रवार पेठेतले एक पुढारी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत आमच्या फोटोच्या तंबूपुढं उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की पलीकडच्या पाळण्यातली माणसं वरच्या वर थांबली. पुढाऱ्यांच्या हातात आदल्या संध्याकाळी काढलेला त्यांचाच फोटो होता.

फळा मी रंगवलेला. जत्रेत असतात तसलाच: चित्रात चेहऱ्याच्या जागी भोक, मागून तोंड घातलं की माणूस विमानात, नाहीतर वाघावर. पण विमानं आणि वाघ रंगवून मी कंटाळलो होतो. (माझा वाघ बघून एका धनगराच्या मेंढ्या थेट वैरागपर्यंत पळाल्या, ती गोष्ट वेगळी.) म्हणून त्या वर्षी मी खुर्चीवर नऊवारीतली मंत्रीण बसवली, पुढं माईक, गळ्यात हार. तिच्या पायाशी चुलीपुढं भाकरी थापणारा धोतरवाला. त्याच्या मिशांची टोकं भोकाच्या दोन्ही बाजूंनी एवढी लांब काढली, की डावं टोक वळवायला कुर्डुवाडीला जावं लागलं.

मला वाटलं होतं, बायका वर बसतील, नवरे खाली, लोक हसतील आणि हसता हसता जरा विचारही करतील. झालं भलतंच. जोडपी यायची, चित्र बघून खिदळायची, आणि नवरा सरळ वरच्या भोकात तोंड घालायचा! बायकोच्या पायाशी बसण्यापेक्षा त्याला लुगडं परवडायचं. बायको बिचारी मिशा लावून पुन्हा चुलीपुढंच. मी ब्रश हातात धरून बघत राहायचो. सगळ्या सोलापूरचे कपडे मी बदलले होते. खुर्ची मात्र कुणी सोडायला तयार नव्हतं.

पुढाऱ्यांचंही तेच. स्त्रीशक्तीवर दणदणीत भाषण ठोकून ते बायकोला घेऊन तंबूत आले होते. बाई हळूच म्हणाल्या, "अहो, मी बसू का वर? एकदाच."

"खुळी हायस का? लोक काय म्हंतील?" असं म्हणून ते स्वतः वर चढले. आज फोटोत आपल्याच डोक्यावर अंबाडा बघून त्यांचा भडका उडाला होता.

माझा भागीदार, म्हणजे फोटो काढणारा, हात जोडून उभा. पुढाऱ्यांबरोबर आजही आलेल्या बाई मात्र सरळ फळ्यामागं गेल्या. वरच्या भोकातून त्यांचा चेहरा आला.

"दादा, काढा," त्या म्हणाल्या.

भागीदारानं सवयीनं काळ्या कापडात डोकं घातलं.

"अगं ए, उतर खाली!" पुढारी फळ्यामागं धावले. धावताना टोपी पडली. ती उचलायला वाकले, तोल गेला, आणि खालच्या भोकातून थेट तोंड बाहेर! शपथेवर सांगतो, माझ्या मिशा जन्मात कुणाला एवढ्या शोभल्या नाहीत. कॅमेऱ्याची कळ दाबली गेलीच.

फळा उतरवावा लागला. उरलेली जत्रा आम्ही वाघावर काढली. त्या रिकाम्या चौकटीकडं बघून मला राहून राहून वाटायचं, आपण फळा रंगवला, पण चित्र खरं पुरं केलं ते त्या बाईनंच.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच फोटो न्यायला आल्या. त्यांनी तो उजेडात धरला. खालच्या मिशांवर मी आणि भागीदार पोट धरून हसलो होतो. बाईंची नजर तिकडं गेलीच नाही. त्या खुर्चीवरचा चेहरा बघत होत्या.

"कुठं ठेवणार?" मी विचारलं.

"ठेवणार कशाला? पुढच्या सोप्यात लावणार. दारासमोर."

"अहो बाई, साहेब बघतील की!"

त्यांनी फोटो पदराखाली घेतला.

"बघू देत. घरात खिळे मीच ठोकते."