थांबाताई आणि एकेचाळीस जणांची मापं

आमच्या कारखान्यात तिचं खरं नाव कुणी घेत नाही. हजेरीच्या वहीत असेल. बाकी सगळ्यांसाठी ती थांबाताई. काहीही सांगायला जा, चष्मा कपाळावर चढवणार आणि म्हणणार, "थांबा आधी." पंखा लावायचा तरी थांबा आधी, कागद उडतील. चहा प्यायचा तरी थांबा आधी, कीबोर्ड बाजूला करू दे.

हे मी तिचं कौतुक करायला लिहीत नाही. कौतुक केलं की ती उठून जाते. लिहितोय ते एवढ्यासाठी, की मागच्या वर्षी आमच्या ऑनलाइन दुकानात जो घोळ झाला त्याबद्दल बाहेर अजून बोललं जातं: सॉफ्टवेअर बिघडलं, बाईला झेपलं नाही. सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं. आणि बाईला झेपत होतं. झेपत नव्हतं ते मला.

आम्ही बूट करतो. पण दुकानात सहा-सात-आठ नंबरचे मिळतात तसले नाही. ज्यांचे दोन पाय एकमेकांसारखे नाहीत, त्यांचे. एक पाय आखूड, एक टाच वर उचललेली, कुणाची बोटं आत वळलेली. सायकलच्या दुकानामागे पत्र्याची लांब शेड आहे, तिथं आम्ही चौदा जण. आत शिरलं की कातडं चिकटवायच्या सोल्यूशनचा वास नाकात बसतो. त्या शेडसाठी मी एकोणीस दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. माझी शाळा आठवीत सुटली, कायदा मी रद्दीतली पुस्तकं वाचून शिकलो, आणि मोठ्या साहेबांना त्यांचीच कलमं तोंडावर वाचून दाखवली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

थांबाताई मला त्या पायऱ्यांवरच भेटली. बाहेर स्टुलावर बसून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची. माझं पहिलं निवेदन तिच्याकडे नेलं तर म्हणाली, "थांबा आधी. यात तुम्ही साहेबाला तीन वेळा चोर म्हटलंय."

"मग? आहेच तो."

"असेल. एकदाच म्हणा. जोरात बसेल."

तिचा डावा पाय लहानपणापासून बारीक आणि आखूड. तिचा बूट आमच्या मामांनी केलेला. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने कारागीर, हातात कातडं कापायची रापी आणि तोंडात टोमणा नाही असा क्षण नाही. बूट घ्यायला आली आणि इथंच राहिली. घरी भाऊ आणि वहिनी. भाऊ लिफ्ट चालवतो. वहिनी म्हणायची, "आमच्या वन्सं दिवसभर लोकांचे पाय बघतात, आणि घरी येऊन बाम चोळतात स्वतःच्या मानेला."

ऑनलाइन दुकानाची कल्पना तिचीच. असा पाय घेऊन बुटांच्या दुकानात गेलं की काय होतं, ते तिला माहीत होतं. स्टुलावर बसवतात, मोजा काढायला लावतात, मग दुकानदार आतल्या माणसाला हाक मारतो, "अरे, जरा हे बघ." चार गिऱ्हाइकं मान वळवतात. ती म्हणाली, "माणसानं घरात दार लावून माप घ्यावं आणि पाठवून द्यावं. पाय दाखवायला लागू नये."

फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर तिनं शोधलं. शिकवायला कुणी नाही. डिक्शनरी मांडीवर घेऊन ओळ न् ओळ वाचायची. ते बसवायला अकरा दिवस लागले. चौथ्या दिवशी पडदा पांढराफटक पडला आणि दोन दिवस तसाच राहिला. मामा येता-जाता विचारायचे, "काय ताई, दुकानाला चुना लावला का?" ती हसायचीही नाही. तीनदा सगळं पुसून पुन्हा मांडलं, आणि मगच आम्हाला दाखवलं.

पण त्या सॉफ्टवेअरमध्ये मापाला एकच जागा होती: नंबर. आमच्या माणसांना नंबर नसतो. म्हणून तिनं स्वतः सहा रकाने जोडले. डाव्याची लांबी, उजव्याची लांबी, दोन्ही पायांचे घेर, टाचेची उंची, आणि शेवटी 'आणखी काही सांगायचं आहे?' हे रकाने तिनं सॉफ्टवेअरच्या मूळ पोटातच घुसवले होते. वेगळा जोड करून लावायची रीत असते, ती तिला पुढं कळली. तोवर शेकडो मापं जमली होती.

म्हणून तिची एक पद्धत ठरलेली. नवी आवृत्ती आली की आधी दुकानाची हुबेहूब नक्कल बाजूला उभी करायची. तिला ती 'तालीम' म्हणायची. नवी आवृत्ती तालमीत चढवायची, रकाने जागेवर आहेत का बघायचं, आणि स्वतःच्या पायांचं माप टाकून एक खोटी ऑर्डर द्यायची. ती ऑर्डर मामांच्या टेबलावर नीट छापून आली, की मग खऱ्या दुकानाला हात. यात दोन दिवस जायचे. चार वर्षांत एकदाही घोळ नाही.

आणि दुकानाच्या पहिल्या पानावर तिनं स्वतः लिहिलेली एक ओळ होती: 'तुमचं माप आमच्याकडे जपून आहे. ते पुन्हा द्यावं लागणार नाही.'

ही ओळ लक्षात ठेवा.

घोळ झाला त्या दिवशी सकाळी अकराला मला सॉफ्टवेअरवाल्यांचा एक मेल आला. आपण वापरतो त्या आवृत्तीत भोक सापडलंय, त्यातून चोर शिरून लोकांची नावं-पत्ते पळवतायत, नवी आवृत्ती ताबडतोब चढवा. दुपारी दुसऱ्या गावांतल्या संघटनांची माणसं आमचा कारखाना बघायला येणार होती. मी तिच्या टेबलाशी गेलो.

"ताई, चढवा."

"थांबा आधी. मी पण वाचलंय ते. आजचा दिवस दुकान बंद ठेवते, तालीम लावते. उद्या संध्याकाळपर्यंत—"

"बंद? आज? ती माणसं काय बघायला येतायत, कुलूप?"

"दादा, ही मोठी आवृत्ती आहे. आतली मांडणी बदललीय म्हणतात. माझे रकाने..."

"तुमचे रकाने, तुमची तालीम! चार वर्षं हेच ऐकतोय. उद्या चोरांनी नावं नेली, तर त्यांनाही सांगणार का, थांबा आधी?"

कुणीतरी हसलं. मला जोर चढला. मला जोर चढला की समोर कोण आहे ते दिसत नाही, हे मला ओळखणारे सगळे जाणतात. मी चौदा माणसांत म्हणालो, "भीती तुम्हाला वाटते. तिचं ओझं आमच्या डोक्यावर कशाला?"

मामांनी रापी खाली ठेवली. "दादा, बास."

तिनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग विचारलं, "ते व्हिडिओ काढून टाकले होते ना तुम्ही? प्रती साठतात त्या जागेतले?"

"काढले म्हटलं ना तेव्हाच!"

तिनं बटण दाबलं. पाच मिनिटांत सगळं झालं. दुकान आधीपेक्षा देखणं दिसत होतं. मी टाळीसुद्धा वाजवली.

दुपारी पाहुण्यांसमोर मामांनी एक ऑर्डर छापायला लावली. कागद आला. नाव होतं, पत्ता होता, फोन होता. खाली काही नव्हतं. मामांनी कागद उलटून बघितला.

नव्या आवृत्तीनं ऑर्डरींची सगळी माहिती नव्या कपाटात हलवली होती. जे खण त्या आवृत्तीच्या ओळखीचे, ते नीट हलवले. आमचे सहा खण तिच्या ओळखीचे नव्हते. ते तिनं जुन्या कपाटाबरोबर मोडीत काढले.

"प्रत आहे," थांबाताई म्हणाली. रोज आपोआप दुकानाची प्रत निघून एका जागी साठायची. तिनं ती जागा उघडली. कालची प्रत रिकामी. परवाची रिकामी. ती मागे मागे जात राहिली. सात आठवड्यांच्या सगळ्या प्रती नावाला होत्या, आत काही नव्हतं. जागा भरली होती, नवीन काही मावतच नव्हतं.

जागा कशानं भरली होती? माझ्या भाषणांनी. धरण्याचे, सभांचे, दोन-दोन तासांचे व्हिडिओ मी तिथं चढवले होते. तिनं मला चिठ्ठी दिली होती: 'जागा संपत आलीय, व्हिडिओ काढून टाका.' चिठ्ठी मी खिशात टाकली होती. नंतर तिनं विचारलं तेव्हा मी घाईत होतो, काढले म्हणून सांगून टाकलं. दर दोन महिन्यांनी ती एक प्रत उघडून तपासायची. पुढची पाळी आठ दिवसांवर होती. मधल्या काळात तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

ती माझ्याकडे वळली नाही. पडद्यावर ते व्हिडिओ ओळीनं दिसत होते, प्रत्येकावर माझं उघडं तोंड. मी ओरडलो असतो तर बरं वाटलं असतं, पण ओरडायचं कुणावर?

सात आठवड्यांमागची चांगली प्रत तिनं दुसऱ्या दिवशी उघडली आणि जुनी मापं परत बसवली. सात आठवड्यांतली एकसष्ट राहिली. त्यांतल्या वीस जोड्या कापून झाल्या होत्या. उरली एकेचाळीस माणसं. त्यांनी दार लावून, वाकून, चुकत-माकत माप घेऊन आमच्याकडे पाठवलं होतं.

मी म्हटलं, "सगळ्यांना मेसेज टाकू. तांत्रिक बिघाडामुळे मापं पुन्हा पाठवावीत."

"बिघाड कुठला?" तिनं विचारलं. "आणि मेसेज नाही. मी फोन करणार."

"मी करतो ना."

"तुम्ही भाषण कराल."

त्यानंतर पाच दिवस ती फोनवर होती. मी शेजारी स्टुलावर बसून राहायचो. प्रत्येकाला तेच सांगायची: "आम्ही घाई केली, तालीम न करता दुकान बदललं आणि तुमचं माप घालवलं. चूक आमची." 'आम्ही' म्हणायची. एकदाही 'दादांनी' म्हणाली नाही. ते मला जास्त लागत होतं.

एक रिटायर ड्रायव्हर हसला. "पाय कुठं पळून जातोय ताई? घ्या लिहून." एका म्हाताऱ्याचं माप मुलीनं घेतलं होतं आणि मुलगी परगावी गेली होती. त्याला तिनं पाऊण तास समजावलं. टाच भिंतीला लावा. कागद खाली सरकवा. पेन्सिल सरळ धरा, तिरकी नको. नाही नाही, सावकाश, मी थांबलेय. पलीकडून त्याचा दम लागलेला ऐकू येत होता. दोघांनी ऑर्डर रद्द केली, एकानं शिव्या घातल्या आणि मग माप दिलं.

शेवटचा फोन एका नर्सला होता. दिवसभर वॉर्डात उभं राहायचं काम, उजवी टाच जमिनीला टेकत नाही. ताईनं सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, हळू पण स्पष्ट, मलाही ऐकू आला.

"तुमच्या पानावर लिहिलं होतं, पुन्हा द्यावं लागणार नाही. ती ओळ वाचून दिलं होतं मी. आईलाही कधी मोजू दिला नव्हता पाय."

"हो. ती ओळ मीच लिहिली होती."

"मग?"

"माझाही पाय तसाच आहे हो," थांबाताई म्हणाली. पलीकडून फोन ठेवला गेला होता.

त्याच दुपारी तिनं पानावरची ती ओळ काढली. मी म्हटलं, "राहू द्या ताई. आता जपूच की आपण."

"खोटी ठरली ती. खोटी ओळ मी ठेवत नाही."

व्हिडिओ मी काढून टाकले, सगळे. सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की चूक माझी. मामा म्हणाले, "बरं झालं, यावेळी छोटं भाषण झालं." कुणी हसलं नाही. ती तर मानही वर न करता रकान्यांचा वेगळा जोड लिहीत बसली होती, रीतीप्रमाणे, मूळ सॉफ्टवेअरला हात न लावता.

दोन महिन्यांनी पुन्हा नवी आवृत्ती आली. तिनं तालीम लावली. दुसऱ्या दिवशी खोट्या ऑर्डरची वेळ आली तेव्हा खुर्ची मागे सरकवली आणि मला हाक मारली.

"दादा, यावेळी तुमचं माप."

"माझं कशाला? माझे पाय सरळ आहेत."

"बसा."

शेडमधली सगळी यंत्रं थांबली. मामा कागद-पेन्सिल घेऊन आले आणि माझ्यासमोर खाली बसले. मी बूट काढले. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. मामांनी टाच धरून पाय कागदावर ठेवला, पेन्सिल फिरवली आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "अरेच्चा, उजवा मोठा आहे की दादांचा! जरा हे बघा." तेरा माना वळल्या. माझे कान तापले. मी खिडकीकडे बघत राहिलो.

ताईनं सहाही रकाने भरले. मामांच्या टेबलावर कागद आला, सगळे आकडे जागेवर. मग खऱ्या दुकानाला हात घालण्याआधी तिनं ताजी प्रत काढली, ती उघडून तपासली आणि ऑर्डरींची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. नर्सच्या नावाशी येऊन थांबली. नाव, पत्ता, फोन. खाली सहा रिकामे रकाने. ऑर्डर रद्द केलेली नव्हती, ताईनंही नाही आणि नर्सनंही नाही.

मी विचारलं, "पुन्हा एकदा करू या का फोन?"

"नाही. तिचा आला तर येईल. आपण नाही करायचा."

तिनं चष्मा नीट केला आणि बटण दाबलं. पट्टी डावीकडून उजवीकडे भरायला लागली. मी अजून अनवाणीच होतो.