माझगावच्या टेकडीवर

फिल्मच्या रोलची काळी डबी कुठे दिसली की माझं डोकं अजून तापतं. कुणीतरी लपवलेली अशी डबी मोबाईलवरच्या नकाशावरून शोधायची, याला जिओकॅशिंग म्हणतात. कॉलेजात असताना मी आणि माझी मैत्रीण दर रविवारी हाच खेळ खेळायचो. आम्ही दोघी भायखळ्याच्या. एकदा नकाशानं आम्हाला माझगावच्या टेकडीवरच्या बागेत नेलं. कठड्याच्या फटीतून मी डबी ओढून काढली, मान वर केली, तर समोर अख्खी गोदी पसरलेली: उंच क्रेन, गंजलेली जहाजं, मागे उन्हात चमकणारं पाणी. "अगं, हे इतक्या जवळ होतं?" मैत्रीण म्हणाली. तेवढ्यात फिरायला आलेले एक काका मोबाईलचा कॅमेरा रोखून पुढे आले. "काय लपवताय? नावं सांगा." मी माझं नाव सांगितलं, त्यांनी मान डोलावली. तिनं तिचं मुसलमानी नाव सांगितलं, तसे ते तिच्याकडे वळले. "बॅग उघड." डबी तर माझ्या हातात होती! "आधी माझी बॅग बघा," मी ओरडले. "तू गप्प बस बेटा, तुला नाही कळत." मी माझी बॅग त्यांच्या पायाशी उपडी केली, पण त्यांचा कॅमेरा तिच्यावरून हलला नाही. तिनं डबा, ओढणी, पुस्तकं एकेक करून कठड्यावर मांडली, समुद्राकडे एकदाही न बघता. नंतर मी कितीतरी जणांना तिथून गोदी दाखवली. तिला मात्र पुन्हा "चल" म्हणायला आजही माझी जीभ रेटत नाही, आणि त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.