बाजेचे भाडे

हुमनाबादच्या सडकेवर मी खानावळ काढली तेव्हा जवळ भांडवल नव्हते. सावकाराकडे गेलो नाही. हैदराबाद संस्थान नुकतेच भारतात आले होते. बाजारात निजामाचा हाली रुपया आणि भारत सरकारचा कल्दार दोन्ही चालत. कोणता किती दिवस टिकेल हे सावकारालाही ठाऊक नव्हते. माझ्या विधवा थोरल्या बहिणीचे, अक्काचे, घर सडकेला लागून होते. तिच्या कणगीत वर्षाची ज्वारी होती. ती म्हणाली, "घे. भाकरी मी थापते." एवढ्यावर धंदा उभा राहिला. तो बुडाला असता तर तिचे वर्ष बुडाले असते.

बातमी कळताच वडील, म्हणजे अप्पा, कमठाण्याहून आले. आमचे घर लिंगायत. आल्यागेल्याला जेवू घालणे याला आमच्यात दासोह म्हणतात, आणि ते पूजेइतके मोठे मानतात. अप्पा उंबऱ्यावरच बोलले.

"ज्वारी विक, डाळ विक. शिजलेल्या अन्नाला भाव सांगायचा न्हाई. सांगितलास तर ही चूल मी माझ्या हातानं मोडीन."

"मग धंदा कसा करू, अप्पा?"

"ते मला कामून विचारायलास? धंदा तू करायलास."

अप्पांच्या शब्दाबाहेर जाण्याची आमच्याकडे रीत नव्हती.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे हैदराबादचा एक लॉरीवाला. पोटभर जेवला. हात धुऊन विचारू लागला, "कितना हुआ?" मी चुलीतली लाकडे सारू लागलो.

"हाली में बोल, कल्दार में बोल, मगर बोल तो सही, मियाँ!"

"जे वाटेल ते द्या."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा चुलीकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, "किसका चालीसवाँ है?" कोणाच्या तरी मरणाचे जेवण आहे, असे त्याला वाटले. मृताला दुवा देऊन तो निघून गेला. पैसे दिले नाहीत.

पुढे बहुतेकांनी तेच केले. अक्का मात्र घरच्यासारखी वाढत राहिली. नको म्हणणाऱ्याच्या ताटातही अर्धी भाकरी टाकी. कणगीत पूर्वी मनगटापर्यंत हात घातला की ज्वारी लागे. आता खांद्यापर्यंत घालावा लागू लागला.

मी फार विचार केला. अन्नाला भाव नाही. बसण्याला का नसावा? कडुलिंबाच्या लाकडाच्या बाजा ठोकल्या, अंबाडीच्या दोरीने स्वतः विणल्या आणि जाहीर केले : जेवणाचे पैसे नाहीत, बाजेचे भाडे आहे. थोडे दिवस भाडे मिळाले. मग तो लॉरीवाला पुन्हा आला.

"रोटी का कुछ नहीं?"

"नाही."

"और खाट का?"

"आहे."

तो शांतपणे मातीत मांडी घालून बसला. त्याचे पाहून बाकीचेही बाजांवरून खाली उतरले. रिकाम्या बाजांकडे बघून अक्का म्हणाली, "ह्या कुणासाठी विणलास रे, ढेकणांसाठी?"

नेमके त्याच दुपारी अप्पा आले. जमिनीवर बसलेली पंगत पाहून त्यांचा चेहरा निवळला. अक्काच्या हातची टोपली घेऊन ते स्वतः भाकरी वाढू लागले. "आप भी बैठो, चचा," लॉरीवाला म्हणाला. अप्पा त्याच्या शेजारी बसून जेवले. मग हात धुऊन बाजेवर जाऊन बसले.

"हिचं भाडं घेतोस म्हणं?"

"व्हय."

त्यांनी कनवटीचे नाणे काढून पुढे केले. मी हात मागे घेतला.

"घे. बाज शिजवलेली न्हाई."

म्हाताऱ्याने पैसे दिलेले पाहून लॉरीवाला उठला. पायजम्याची माती झटकत म्हणाला, "अब चचा ने दिया, तो अपन क्या नीचे पड़ेंगे?" तो बाजेवर आडवा झाला आणि त्याने नाणे माझ्याकडे फेकले. बाकीचेही उठले. पुढे तीच रीत पडली : जेवण जमिनीवर, विश्रांती बाजेवर. न लवंडता निघून जाणाऱ्याला इतर लॉरीवालेच टोमणे मारीत.

अप्पांनी त्या दिवशी मला वाट दाखवली की माझी थट्टा केली, हे मला कळले नाही. विचारले असते तर "कामून विचारायलास" हेच उत्तर आले असते. मी दासोह चालवला की बाजा भाड्याने दिल्या, याचाही उलगडा झाला नाही. सुगीला अक्काची कणगी गळ्यापर्यंत भरून दिली. कोणत्या धंद्यातून, ते सांगता येत नाही.