डुकरं धरणारा नायब गव्हर्नर

आमच्या गावाची एक खोड आहे. मार्चच्या गावसभेत नुकतं लग्न झालेल्या गड्याला डुकरं धरायच्या कामावर नेमायचं. मोकाट जनावर दिसलं की कोंडवाड्यात घालायचं, जमीन उकरता येऊ नये म्हणून त्याच्या नाकात कडी ठोकलेली आहे का पाहायचं. नवरदेवाची तेवढीच जिरते.

अझराया पेनफील्ड कनेटिकट वसाहतीचे नायब गव्हर्नर. बासष्टाव्या वर्षी त्यांनी मेहिटेबलबाईंशी दुसरं लग्न केलं, आणि सभेत मीच उठलो. "रीत म्हणजे रीत! हेही नवरदेवच की!" अख्खी सभा खिदळली. मला वाटलं, म्हातारा भडकणार. त्यांनी शांतपणे टोपी काढली.

"ओबेद, लेका, तुझ्याच डुकरिणीपासून सुरुवात करतो. तिच्या नाकात कडी ठोकून ठेव."

"ठोकतो की," म्हणालो आणि विसरलो. आळस, दुसरं काय!

आमचे गव्हर्नर त्या हिवाळ्यात वारले होते. मे महिन्यात राजधानीत, हार्टफर्डला, नवा निवडायचा होता. अकरा वर्षं दुसऱ्या खुर्चीत बसून पेनफील्डसाहेब कंटाळले होते आणि ते लपवतही नसत. "एकदा तरी पहिली सही माझी पडू दे रे," म्हणायचे. पण त्या दिवशी जो हजर नाही, त्याला कोण निवडणार?

निवडणुकीच्या सकाळी काळा कोट घालून ते घोड्यावरून निघाले, तर वाटेत टॅमसिन शेतातून बोंब मारत होती. बाई विधवा, पदरात चार पोरं. माझी डुकरीण सात पिल्लांसकट तिच्या मक्यात घुसली होती आणि आदल्या दिवशी पेरलेलं बी उकरून खात होती. टॅमसिनकडे दुसरं बी नव्हतं. मका गेला की वर्षभर उपास.

मी डुकरिणीच्या मागं पळत, धापा टाकत पोचलो. "साहेब, तुम्ही निघा! मी बघतो."

"तू काय बघतोस! मघापासून तीच तुला पळवतेय," असं म्हणून ते घोड्यावरून उतरले.

आठवं जनावर हाती लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि हार्टफर्डला पोचायची वेळ टळली. मग त्यांनी स्वतःच्या घरचं बी मागवलं आणि वाकून वाकून परत पेरलं. बी घेऊन मेहिटेबलबाईच आल्या होत्या.

"अहो, तुम्ही अजून इथंच? गव्हर्नर व्हायचं होतं ना?"

"फार व्हायचं होतं गं," ते म्हणाले आणि मातीत बसून रडले.

गव्हर्नर दुसराच कोणी झाला. साहेब मरेपर्यंत नायबच राहिले. का आला नाहीत, असं हार्टफर्डहून विचारलं, तेव्हा त्यांनी 'गावचं काम निघालं' एवढंच कळवलं. माझं नाव कुठंच घेतलं नाही.

निवडणुकीच्याच आठवड्यात मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. "साहेब, माझ्या आळसापायी..."

"कडी ठोकलीस?"

"ठोकली."

"दुखत असेल तिला. दोन दिवस चरबी लाव."

चार शिव्या हासडल्या असत्या, तर मला घरी जाऊन जेवण गेलं असतं.